मेल वीदीतलं मालागा

संध्याकाळचं ऊन उतरलं की वरुणराव कानांत इअरफोन खुपसत आणि तंजावूरच्या मेल वीदीतून मालागा बघायला निघत.

मेल वीदी म्हणजे राजवाड्याच्या पश्चिमेचा रस्ता. मालागा म्हणजे स्पेनमधलं समुद्रकाठचं शहर. वरुणरावांची एकुलती एक लेक विनुता तिथे पर्यटनाचं शिकायला गेली आणि शिकून झाल्यावर तिथेच राहिली. परदेशी पाहुण्यांना पायी शहर दाखवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला काम हवं होतं. वरुणराव स्वतः निवृत्त गाईड. राजवाडा आणि मोठं देऊळ दाखवण्यात त्यांची हयात गेलेली. मागच्या दिवाळीनंतर एकदा ती फोनवर त्यांच्या तंजावूरच्या मराठीत म्हणाली, "अप्पा, मज सराव पाहिजे. तुम्ही पाहुणा व्हा, मी गाव दाखवतें. पण खुर्चीत बसून ऐकायचं नाही. खरंच चालायचं."

"चालायचं कशाला?"

"चालणाऱ्या माणसाला किती ऐकू येतं, ते मज कळायला नको?"

मुद्दा बिनतोड होता. पत्नी राजम गेल्यापासून वरुणराव फाटकाबाहेर पडायचे ते फार तर भाजीला, तेही नाइलाजाने. पण धंद्याची गोष्ट निघाली आणि ते चपला शोधायला उठले.

तर अशी ही सहल, इथे संध्याकाळ आणि तिकडे भर दुपार. राजवाड्याची उंच भिंत आली की विनुता त्यांना मूर सुलतानांच्या किल्ल्याचा चढ चढवायची. किल्ल्याच्या पायथ्याला रोमन लोकांचं उघडं नाट्यगृह. ते रेशन दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत बसवलेलं, आणि प्रेक्षकांत बऱ्याचशा बकऱ्या. पाण्याच्या टाकीपाशी मोठं चर्च. त्या चर्चचा एक मनोरा पुरा झाला, दुसरा अर्ध्यावर राहिला, म्हणून गावचे लोक त्याला लाडाने एकहाती बाई म्हणतात. बंदर मात्र लांब, मोठ्या देवळाच्या खंदकाशी. खंदकात पाणी कमी आणि झुडपं फार, पण वरुणराव कठड्याला टेकून विनुता सांगेल ती जहाजं बघत. सराव इंग्रजीत चालायचा, भांडण मराठीत. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं, बायको गेल्यापासून म्हातारा हवेशी बोलायला लागला. नंतर त्यांनी वाटून घेणंही सोडलं.

वरुणरावांनी तिला आपली सगळी विद्या दिली. पाहुण्याला आधी सावलीत उभं कर, मग राजे सांग. एका जागी एकच गोष्ट सांग, दुसरी पुढच्या वळणाला ठेव. खोटं सांगू नको. "आमच्यातले काही देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणून सांगतात," ते म्हणाले, "आणि पाहुणा त्याच सावलीत उभा राहून ऐकतो." विनुता खूप हसली. घरात कोणी हसल्याचं त्यांना बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं, आणि हेही घर नव्हतं, भर रस्ता होता.

पोंगलपर्यंत पोरगी तयार झाली. वरुणरावांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. आंबा पिकला की नाही हे आंबेवाल्याला दाबून बघावं लागत नाही. नाट्यगृहापाशी ती आवाज खाली आणायची आणि माणूस आपोआप पुढे सरकायचा. किल्ल्याची हकिकत तिने अशी बांधली होती की चढ संपला आणि हकिकतही संपली. त्यांनी फक्त "चोखट झालं, आता जाऊन काम माग" एवढं म्हणायचं होतं.

ते म्हणाले, "बंदरापाशी तू घाई करतेस."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बंदरापाशी रेंगाळतेस."

माणूस एकटा पडला की त्याला दुसरं काही सुचो न सुचो, चुका बरोबर सुचतात. काम लागलं की तिला खरे पाहुणे मिळणार. मग मेल वीदीतल्या या फुकट्या पाहुण्याला कोण फिरवणार? संध्याकाळ होणार, ऊन उतरणार, आणि चपला दाराशी तशाच पडून राहणार. म्हणून वरुणराव रोज एक कुसळ शोधून काढत, आणि विनुता रोज म्हणे, "सरी, अप्पा. उद्या परत करूया." कुरकुर नाही, कंटाळा नाही. तिचं ते सरळ "सरी", म्हणजे ठीक आहे, त्यांना जेवताना आठवायचं आणि ते अर्ध्या पानावरून उठायचे. पोटच्या पोरीच्या पोटावर पाय देतोय आपण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या संध्याकाळी नवं कुसळ तयार असायचं.

मार्चच्या मध्याला पंगुणी महिना लागला. ऊन कडक झालं, राजवाड्यात येणारे प्रवासी कमी झाले. तिकडे मात्र आता वसंत, मोठी जहाजं यायला लागली असतील, कंपन्या माणसं भरती करत असतील. आता उशीर केला तर पोरीचं वर्ष वाया जाईल. त्या संध्याकाळी वरुणरावांनी मनाशी ठरवलं की आज सांगायचंच. एक वाक्य, बंदरापाशी. शेवटची म्हणून ही फेरी त्यांनी सावकाश केली. किल्ल्याला हात लावून घेतला. बकऱ्यांतून वाट काढताना त्यांना भरून आलं आणि स्वतःचा रागही आला.

पाण्याच्या टाकीपाशी विनुताने नेहमीप्रमाणे थांबवलं. इंग्रजीत म्हणाली, "उंच मंडळींनी जरा मागे व्हावं, मागच्यांना दिसत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना डाव्या हाताला बाक आहे, आत्ता तिथे सावली असते. आणि कोणाला टॉयलेटला जायचं असेल तर कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला माझं नाव सांगा, तो नाही म्हणत नाही."

वरुणराव टाकीखाली उभेच राहिले.

अशी वाक्यं घरात बसून सुचत नाहीत. किल्ला पुस्तकात सापडतो, चर्च पुस्तकात सापडतं, पण उंच माणूस नेहमी पुढेच उभा राहतो हे कळायला माणसं समोर लागतात. आणि कॉफीवाल्याने आपलं नाव ओळखावं यासाठी त्याच्या दारात रोज पाहुणे नेऊन उभे करावे लागतात; हे वरुणरावांइतकं कोणाला माहीत? तिचा घसाही किती दिवस बसलेला होता. ते आपले समजत होते, तिकडची थंडी.

"विनू," ते म्हणाले. "तुज काम लागलं."

"हो," पलीकडच्या रहदारीतून विनुता म्हणाली.

"कधी?"

"पोंगल झाल्यावर लगेच, अप्पा."

"मग हे सगळं कशाला? मी इथे रोज उन्हातून..."

"तुम्ही चुका काढत होतात," विनुता म्हणाली. "मी तयार अहें ते तुम्हाला कळलं नसेल होय? कळलं होतं, तरी काढत होतात. म्हटलं, म्हणजे यांना हे पाहिजे अहे. काम लागलं म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दार उघडलं असतं का?"

वरुणरावांना आधी राग आला. आपल्याला कोणी फिरवलं, आणि आपण गाईड असून फिरलो, हा राग. मग एकदम सुटल्यासारखं वाटलं. तिच्या पोटावर पाय पडलाच नव्हता. आणि मग भीती वाटली, कारण आता फेरीला काही निमित्त उरलं नव्हतं.

"मग आता सराव नको," ते म्हणाले.

"नको."

वरुणरावांनी फोन ठेवायला खिशातून बाहेर काढला. दोघांना एकमेकांशी बोलायची सवय नव्हती, हे खरं. त्या घरात फोन राजमचा असायचा. ती तास तास लेकीशी बोलायची आणि शेवटी फोन यांच्या कानाला लावायची. हे विचारायचे, "बरी अहेस? पैसे अहेत? सरी." राजम गेल्यावर काही आठवडे दोघांनी तेवढंच बोलून फोन ठेवला होता. त्यानंतर किल्ले, चर्च आणि बंदर आलं, आणि बोलायला एवढं मोठं शहर मिळालं. आज तेही संपलं.

"अप्पा, ठेवू नका," विनुता म्हणाली. "बोला की काहीतरी."

"काय बोलूं?"

"काहीही. आज काय झालं ते."

वरुणरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. दूध पिशवीत टांगलेलं असतं, आणणाऱ्याचं तोंड दिसत नाही. पेपर फाटकातून आत पडतो. भाजी कालचीच होती. शेजारच्या धनलक्ष्मी दुपारी छतावर तांदळाचे वडाम वाळत घालत होत्या, पण त्यांची पाठ इकडे होती.

"काही झालं नाही," ते म्हणाले. मग जे खरं होतं ते म्हणाले. "सकाळपासून मी कोणाशी बोललों नाही, विनू. तुझ्याशीच पहिलं."

तिचा आवाज आला तो फारच बसलेला होता.

"मी सकाळपासून बोलतेंच अहें, अप्पा. आज मोठं जहाज लागलंय. किल्ला सांगितला, चर्च सांगितलं, सगळ्यांचे फोटो काढून दिले." ती थांबली. "पण बोलणं म्हणाल, तर मीही तुमच्याशीच पहिलं."