चौकीच्या आवारातली रोजरी

आमचं महिला मंडळ म्हणजे तोवर लोणच्याच्या स्पर्धा आणि वर्षाकाठी एक सहल. ब्याऐंशी साली त्याच मंडळानं पोलिसांना घाम फोडला. आता वसईत माझ्या सोसायटीत बायका वाण देतात, गोड बोलतात, पण त्या बायकांची सर कुणाला नाही. फार आठवण येते त्यांची.

झालं असं, की एका वाडीतला पाण्याचा पंप चोरीला गेला आणि पोलिसांनी आमच्याकडे केळी काढायला येणाऱ्या सुकऱ्याला उचललं. पुरावा काय, तर आदिवासी होता! त्याची बायको बुधी दोन दिवस चौकीबाहेर बसून आतलं ओरडणं ऐकत होती. शेवटी ती मंडळाच्या मार्गारेट टीचरकडे आली.

"चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करायला हवं होतं," टीचर म्हणाल्या. असा कायदा असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सकाळीच आम्ही पंधरावीस जणी चौकीवर गेलो. "सुकऱ्या इथं नाहीच. आणि घोषणा दिल्यात तर सगळ्यांना आत टाकीन," फौजदार गुरकावला. घोषणा येत होत्या कुणाला! आमच्यातल्या इनेझबायनं लाल लुगडं सावरलं, आवारातच फतकल मारली आणि गळ्यातली क्रुसाची जपमाळ काढली.

"साहेब, रोजरी तरी म्हणू द्याल ना?"

फौजदार घाटावरचा. त्याला वाटलं, पाचदहा मिनिटांचं काम. "प्रार्थना संपली की निघायचं," म्हणाला.

बिचारा! इनेझबायच्या गावात रोजरी झाली, की घरातल्या एकेका मेलेल्या माणसाच्या नावानं वेगळी प्रार्थना म्हणतात. तिनं सासूपासून सुरुवात केली. दुपारी ती चुलतसासऱ्यांच्या मावशीपाशी पोहोचली होती. मला हिंदू बाईला प्रार्थना येईना, म्हणून मी आमच्याकडची मेलेली माणसं पुरवत होते. बाजारातून परतणारी माणसं थांबत गेली, फाटकाबाहेर ही गर्दी झाली.

"अजून किती उरलेत?" फौजदार बाहेर येऊन ओरडला.

"साहेब, गाव चारशे वर्षांचं आहे," इनेझबाय म्हणाली.

तासाभरात सुकऱ्याला बाहेर आणलं. पाय सुजलेले, त्याला धड उभंही राहवेना. बुधीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मला रडू फुटलं. बायका पदर झटकून उठल्या. घरी चुली थंड होत्या, पोरं उपाशी होती.

तेवढ्यात सुकऱ्या हळूच म्हणाला, "आत आजून एक हाय, बाय. पानी मांगते. त्याचा इथं कोन नाय."

"नाव काय रे त्याचं?"

"काय म्हाईत. पानी सोडून त्याला काय बोलवत नाय."

इनेझबायनं एकदा फाटकाकडे पाहिलं आणि परत होती तिथेच बसली.

"मेलेल्यांचं झालं," ती म्हणाली. "आता जित्यांचं."

आम्ही सगळ्या पुन्हा खाली बसलो.