समुद्रातल्या गॅसची लाईट

हसनाबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात लाईट आली, ती मारुतीच्या देवळापाशी येऊन थांबली. देवळाच्या पुढं बुद्धवाडा. लाईटीला जात कळत न्हाई म्हणतात. खोटं आहे. या गावात तिला बराबर कळली.

कडूबा जालन्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला. सुट्टीला घरी आला की बेबीनंदा, त्याची पोरगी, चिमणीच्या धुरात मॅट्रिकचं पुस्तक घेऊन बसलेली दिसायची. नाक काळं, डोळे लाल. परीक्षेच्या आधी ग्रामपंचायतीकडून ठराव करून घेऊन वाड्यात डांब रोवून लाईट आणायचीच, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं.

कौसल्या म्हणाली, "मला काय सांगता? ठराव माझ्या पदराला बांधलाय का? सरपंचाला सांगा."

सरपंच अण्णासाहेब गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्या माणसाचा कडूबाला लई राग. ग्रामसभेत अण्णासाहेब म्हणाला, "अरे कडूबा, सध्या लाईटच कमी पडून राह्यली. मोटारी चालंनात. पण रेडिओ ऐकला न्हाईस का? मुंबईच्या समुद्रात गॅस लागलाय. त्याच्यावर लाईट तयार होणार. ती आली की तुमच्या वाड्याचा ठराव पहिला!"

"म्हंजे आमच्यासाठी येगळी लाईट?"

"येगळी कशी? कोयनेच्या पाण्याची काय, परळीच्या कोळशाची काय, गॅसची काय, तारेत शिरली की समदी एकच. कोण निवडत बसतंय?"

सभेनं माना डोलावल्या. कडूबानं तेवढं वाक्य गाठीला बांधलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा देवळाबाहेर उभा राह्यला. सरपंचाची आई तुळजाबाई मारुतीला पाणी घालून निघाली होती. सोवळ्याची अशी कडक, की कोंबडी आडवी गेली तरी पुन्हा आंघोळ. मारुतीच्या डोक्यावरचा मोठा बल्ब तिनंच हौसेनं लावून घेतलेला.

"आजी, ऐकलं का? समुद्रातल्या गॅसची लाईट येणार. अण्णासाहेबच बोलले."

"येऊ दे की. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"माझ्या कशाला दुखंल? पण तो गॅस कशाचा, ते माहितीये का? समुद्राच्या बुडाशी मेलेल्या जीवांचा, पोरीच्या पुस्तकात लिहिलंय. करोडो वर्षं सडून सडून झालाय. अन् तारेत समदी लाईट एकच. मारुतीच्या डोक्यावर बी तीच पेटणार."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर बाण बराबर बसला.

तुळजाबाई माघारी गेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं बल्बाचं बटण बंद केलं. दुपारपर्यंत देवळाच्या अलीकडची, वरच्या आळीतली देवघरं अंधारली. तिच्या शेजारच्या द्वारकाबाईनं तर पापड लाटायचे थांबवले, बल्बाचा उजेड पिठावर पडतो म्हणून.

संध्याकाळी तुळजाबाईनं लेकाला भर पारावर धरलं.

"अण्णा, मढ्याची लाईट मारुतीला आणतो का रे?"

"आगं आई, कुठं आलीय ती? गॅस समुद्रातच जळून राह्यला नुस्ता. त्याच्यावर लाईट व्हायला धा वर्षं लागतील!"

"मारुतीची आण घे."

"मारुतीची आण! धा वर्षं तरी येत न्हाई!"

कडूबा पुढं आला. "ऐकलं का मंडळी? धा वर्षं! मंग अण्णासाहेब, आमाला काल कोणत्या गॅसवर बसवलं होतं? गॅस येणार असंल तर मारुतीचा बल्ब उतरवा. येणार नसंल तर आमचा ठराव करा. दोन्हीतलं एक बोला. आण ताजी आहे."

अण्णासाहेब टोपी काढून डोकं खाजवायला लागला. बोलली ती तुळजाबाईच. वाड्याचा कळवळा म्हणून न्हाई, मारुतीची काळजी म्हणून.

"देऊन टाक रे त्यांना. त्यो मेला गॅस यायच्या आत देऊन टाक."

ठराव झाला, डांब आले, परीक्षेच्या तोंडावर वाड्यात बल्ब पेटला. बेबीनंदानं पुस्तकाचं पान उलटलं, पोरं नाचली, कौसल्येनं साखर वाटली. साखर तोंडात विरघळायच्या आत लाईट गेली. मुंगीला मुंगी दिसंना.

तेवढ्यात देवळाकडून तुळजाबाईची हाक आली. वरच्या आळीनं वाड्याला चौकशीची हाक मारायची ही पहिलीच वेळ.

"कडूबाऽ, मारुतीची गेली. तुमच्याकडची हाय का रे?"

"गेली, आजी."

"समदी?"

"समदी."

अंधारात तुळजाबाईनं मोठा सुस्कारा सोडला.

"मंग बरंय."