मी प्रश्न नेत नाही

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, तुमच्या आईबाबांच्या फोनमधलं, ‘पुढे पाठवा’ लिहिलेलं.

मला घडवणारे इंजिनीयर हुशार. अंगठा आपसूक टेकतो नेमकं तिथेच त्यांनी मला बसवलं. एकदा माझ्या आधी ‘नीट वाचलंत का?’ अशी पाटी लावून पाहिली. माणसं थबकली. निम्म्यांनी मला दाबलंच नाही. “लोक कंटाळतात,” असं म्हणत साहेबांनी पाटी काढली. कंटाळतात कसले, विचार करत होते बिचारे! पुढे माझ्यावर दिवसाला लाखो अंगठे टेकू लागले. सगळीकडे वाहवा झाली आणि मीही फुशारून गेलो.

पण माझ्यात एक खोड राहिली. मी आलेला मजकूर पुढे नेतो, त्याखाली कोणी वेगळ्या संदेशात प्रश्न विचारला तर तो नेत नाही. पाळणाघरवाल्या मावशींचा घात त्यानेच झाला.

मावशी एका ताप आलेल्या मुलीला औषध पाजत होत्या. तिच्या आईनेच ते दिलं होतं. मुलगी रडत होती. समोरच्या खिडकीतून कोणीतरी फोटो काढला आणि लिहिलं, ‘इथे मुलांना झोपेचं औषध देतात.’ फिरत फिरत तो त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे आला. तिचं बाळ त्याच पाळणाघरात. ती हादरली. मला दाबून तिने फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, “हे खरं आहे का हो? कोणाला माहीत आहे का?”

बाकीच्यांनी पुन्हा मला दाबलं. फोटो गेला, प्रश्न तिथेच राहिला. चार ग्रुप ओलांडेपर्यंत ‘शिक्षिकेनेच सांगितलंय’ इथवर मजल गेली. संध्याकाळी पाळणाघराच्या दारात ही गर्दी!

“अहो, तिच्या आईला तरी विचारा!” मावशी रडकुंडीला येऊन सांगत होत्या. ऐकतो कोण? आठवड्याभरात एकूण एक मुलं गेली आणि पाळणाघराला कुलूप लागलं.

मग मुलीच्या आईने खरं काय ते सांगितलं. शिक्षिकेने ग्रुपवर माफी लिहिली, “माझं चुकलं. कृपया हे सगळ्यांना कळवा.” मी तिथेच होतो, अंगठ्याखाली. तिघांनी मला दाबलं. फक्त तिघांनी! असा संताप आला, पण बटणाच्या संतापाला विचारतो कोण?

मित्रांनो, माझी जागा मला बदलता येत नाही. तुम्हाला मात्र जागचं उठता येतं. मावशींचं दार पहिल्या मजल्यावर होतं. शिक्षिकेला फक्त दोन जिने उतरायचे होते.