हरभऱ्यातला बॉल

तानाजीच्या खाचरातलं भात निघालं आणि तिथे फुटबॉल सुरू झाला, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, रान त्याचं. पण त्या रानाला लागून माझा हरभरा आहे, आणि पोरांनी एका बाजूचा गोल, म्हणजे बांबूचे दोन दांडके, नेमका माझ्या बांधाला टेकून उभा केला. मागे जाळी नाही. गोल झाला की बॉल थेट माझ्या हरभऱ्यात.

तानाजी माझा सख्खा पुतण्या. त्याच्या बापाने बांध कोरला, आमच्या ह्यांनी कोर्टाची भाषा केली, आणि सगळ्या रिहे गावाला बोलायला विषय मिळाला. हे वारले, त्याआधी मला म्हणाले, "धोंडा, त्यांच्या रानात पाय ठेवू नगंस." मी ठेवला नाही. तिकडचंही कोणी इकडे आलं नाही. मुलगा निलेश सूसला सोसायटीत राहतो. रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का?" मी "व्हय" म्हणते, की झाला रविवार. बाकी दिवस मी कोंबड्यांशी बोलते. त्या ऐकतात असं नाही.

तर पहिला बॉल आला तेव्हा मी तोंडाचा पट्टा असा सोडला की वरच्या वाडीतल्या बायकांनी भांडी घासायची थांबवली असतील. "कुणाच्या बापाचं रान हाय रं? म्हशी घुसत्यात ते कमी हाय व्हय?" माझा आवाज मोठा आहे आणि तो मला आवडतो. बांधावर एक हडकुळी पोरगी उभी होती. गोलात उभी राहणारी तीच, म्हणून बॉल आणायलाही तीच.

"आजी, बॉल."

"नाव काय तुजं?"

"सोनम. वाडीवरची. फुलाबाईची."

"थांब, फुलाबाईलाच सांगते."

"सांगा की. तुमच्याच भाताच्या लावणीला व्हती ती."

पोरगी लई चुरचुरीत. मी बॉल दिला.

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की खेळ सुरू व्हायचा, आणि सोनमच्या पायांतून, बगलेतून, डोक्यावरून बॉल माझ्याकडे यायचा. मी ओरडायचे, ती यायची, हरभऱ्याच्या ओळींतून जपून पाय टाकत. तिने दोन शब्द जास्त बोलावेत म्हणून मी बॉल पदराखाली धरून ठेवायचे. "जेवलीस का? वाडीला पाणी आलं का? बा कुटं हाय कामाला?" ती उत्तरं द्यायची आणि हात पुढे करून उभी राहायची. खरं सांगते, ऊन कललं की मी खुरपं घेऊन त्या गोलामागेच बसायचे. तिथे खुरपायला काडी उरली नव्हती.

शिकवायला बावधनहून कैलास नावाचा एक पोरगा स्कूटरवर यायचा. असला मास्तर मी जन्मात पाहिला नाही. पोरं चुकली तरी ओरडायचा नाही. सोनमने गोल खाल्ला की म्हणायचा, "जागा बरोबर घेतली होतीस. आता हात थोडे आधी." मला वाटायचं, ह्याच्या घशाला काही झालंय का! खेळ संपला की सगळ्यांना रिंगण करून उभं करायचा आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. "ह्यानं मला पास दिला." "ही पडली, पर रडली न्हाई." आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्याला जे बोलतात, ते ही पोरं एकमेकांना जिवंतपणी सांगत होती. मी बांधावरून नाक मुरडायचे आणि शेवटच्या पोरापर्यंत ऐकायचे.

एक दिवस तो बांधाशी आला. पलीकडेच थांबला. आमचं भांडण त्याला कोणीतरी सांगितलं असणार.

"आजी, तुमच्या हरभऱ्याचं नुकसान होतंय, त्याबद्दल माफ करा. इतके दिवस बॉल येतोय, पण तुम्ही एकदाही ठेवून घेतला नाहीत. दरवेळी परत दिलात. मी हे मुलांनाही सांगतो."

माझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोललं, त्याला किती काळ लोटला होता कुणास ठाऊक.

"एक विचारू? सोनम बॉल यायच्या आधी मागे बघते."

"मंग?"

"तुम्ही ओरडाल म्हणून. बॉल समोरून येतो आणि तिचा जीव मागे अडकलेला असतो. रविवारी सूसच्या मुलांबरोबर मॅच आहे. तेवढा वेळ तुम्ही काही बोलला नाहीत तर..."

"माज्याच रानात मी गप बसू?"

"हो," तो म्हणाला. "तुम्हाला जमेल."

मी घरी येऊन चुलीपुढे बसले. बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून राग आला होता. मग भाकरी थापताना लक्षात आलं आणि हात थांबला. मी गप्प बसले तर पोरगी बॉल धरणार. आणि पोरीने बॉल धरला, तर ती माझ्याकडे कशाला येणार?

रविवारी सूसच्या गाड्या आल्या. निलेशची त्यात नव्हती, ते मी पाहून घेतलं. त्या पोरांचे आईबाप रानाच्या कडेला उभे राहून आपल्याच पोरांवर खेकसत होते. "अरे पास दे ना! झोपलायस का?" माझ्यापेक्षा वाईट ओरडतात, हे कळून थोडं समाधान वाटलं. अर्धा खेळ झाल्यावर बाजू बदलल्या आणि सोनम माझ्याकडच्या गोलात आली. दोन्हीकडे एकेक गोल झालेला. शेवटी शेवटी आमच्यातल्या एका पोराच्या हाताला बॉल लागला आणि सूसवाल्यांना पेनल्टी मिळाली. म्हणजे समोर मारणारा एकटा, गोलात सोनम एकटी, आणि तिच्यामागे मी.

तिने मागे पाहिलं.

माझं तोंड उघडलेलंच होतं. एक हाक पुरली असती. बॉल हरभऱ्यात आला असता, मागोमाग ती आली असती, मी विचारलं असतं, जेवलीस का. मला तो बॉल हवा होता. इतकं हवंसं मला बऱ्याच दिवसांत काही वाटलं नव्हतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिला हाताने खूण केली, पुढं बघ.

ती पुढे वळली. त्या पोराने बॉल मारला आणि सोनमने तो पोटाशी धरला, लेकराला धरतात तसा. हरभऱ्यात काही आलं नाही.

मॅच बरोबरीत सुटली, पण आमची पोरं जिंकल्यासारखी नाचली. रिंगण झालं. तानाजी चहाची किटली घेऊन आला होता, तोही कडेला उभा होता. तेवढ्यात सोनम ओरडली, "आजी, या की! माज्या उजवीकडं जागा हाय!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तानाजीने मान खाली घातली. बांध गुडघ्याएवढाही नाही.

"मला कामं हायेत," मी म्हटलं.

तिने थोडी वाट पाहिली. मग तानाजीची लेक गौतमी सरकून त्या जागेवर आली.

थोड्या वेळाने कैलास पोरांना टेम्पोत घालून पिरंगुटला वडापाव खायला घेऊन गेला. सोनम टेम्पोतून हात हलवत होती, सगळ्यांनाच. निलेशचा फोन आला. "आई, जेवलीस का?" मी म्हटलं, "आरं, आज हितं काय झालं ऐक..." तो म्हणाला, "गाडीत आहे गं, नंतर करतो."

दिवस मावळताना मी मनात ह्यांची माफी मागितली आणि बांध ओलांडला. रिंगणाच्या जागी भाताची धसकटं पोरांच्या पायांनी आडवी झाली होती. सोनम उभी होती ती जागा मी शोधली आणि तिच्या उजवीकडे उभी राहिले. मग मी माझ्या उजवीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. नियम मोडायचा नव्हता, म्हणून माझंच सांगितलं.

"धोंडा आज वरडली न्हाई."

चांगलं मोठ्याने सांगितलं. थोडा वेळ तशीच उभी राहिले, कोणी पुढचं काही बोलेल म्हणून. मग कोंबड्या कोंडायच्या होत्या, घरी आले.