करंजटोल्याच्या इतिहासातलं एक पान

सुरेश मडावी तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे शारजाला आले होते. साधना हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायची. शाळेला सुट्टी असल्यामुळे अल नहदा भागातल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात दिवसभर आजोबा आणि नात ईशानी, दोघंच असत.

एका शनिवारी वेन्डीबाई आल्या. गडचिरोलीच्या जंगलात, करंजटोल्याला, त्यांच्या आजोबांनी मेनोनाइट, म्हणजे हिंसा निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं मिशन आणि गोंड मुलांसाठी वसतिगृहाची शाळा काढली होती. पुढे वडिलांनी ती चालवली. वेन्डीबाई तिथेच जन्मल्या, दहाव्या वर्षी कॅनडाला गेल्या आणि आता दुबईत शिकवत होत्या. शाळेच्या शताब्दीचा इतिहास लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्याच शाळेत शिकून तिथेच तीस वर्षं मास्तरकी केलेले मडावी सर जवळच आहेत हे कळल्यावर त्या कच्चा मजकूर घेऊन आल्या.

"सर, चूक दिसली की लाल पेन चालवा." त्यांचं मराठी दहा वर्षांच्या मुलीचंच राहिलं होतं.

सर वाचत गेले. एका पानावर थांबले. 'मुलांनी मराठी आनंदाने आत्मसात केली. १९६० साली लालसू पुंगाटी हा मुलगा घरच्या ओढीने पळून गेला.'

"हे असं नव्हतं," ते म्हणाले.

"मग कसं?"

"एक फळी होती. लाकडाची, दोरीत ओवलेली. गोंडी बोलताना सापडला त्याच्या गळ्यात. त्याने दुसऱ्याला पकडलं की त्याच्या गळ्यात. रात्री जेवताना ती ज्याच्याकडे असेल, त्याने सगळ्यांचं होईपर्यंत भिंतीशी उभं राहायचं."

"पप्पांनी कधी कुणावर हात उचलला नाही, सर."

"नाहीच उचलला. तुमच्या धर्मात ते बसत नाही. छडी नव्हती म्हणून तर फळी होती."

"पण ते स्वतः गोंडी शिकले होते!"

"हो. माझ्या आईशी छान बोलायचे. मनाई आम्हाला होती."

चहा घेऊन आलेली साधना दारातच थांबली. सर आता टेबलाकडे बघत बोलत होते.

"साथ आली होती. लालसू तापाने फणफणला होता. माझा जिवलग तो. फळी चार दिवस माझ्या गळ्यात होती. मी त्याच्या कानाशी गोंडीत विचारलं, काय हवं? तो म्हणाला, 'येर.' म्हणजे पाणी. मी पाणी पाजलं. मग माझ्या गळ्यातली फळी काढून त्याच्या गळ्यात घातली. ताप उतरला त्या दिवशी तो वसतिगृह सोडून गेला. मी राहिलो. मास्तर झालो."

वेन्डीबाई म्हणाल्या, "हे मला लिहिता येईल का, माहीत नाही."

"लिहा. माझ्या नावासकट लिहा. नुसती मिशनची चूक म्हणून लिहाल तर तेही खोटं. तुमच्या आईने त्या साथीत चाळीस पोरं वाचवली, तेही राहू द्या. मात्र लालसूला विचारल्याशिवाय छापू नका."

त्या गेल्यावर साधना म्हणाली, "बाबा, हे कधी बोलला नाहीत."

"तुला गोंडी तरी कुठे शिकवली? शाळेत अडखळशील म्हणून भीती."

लालसूच्या जावयाचा नंबर मिळायला आठवडा लागला. शारजातून व्हॉट्सअ‍ॅप कॉलला बंदी, म्हणून साधनाने साधाच कॉल लावून दिला. पलीकडे म्हातारा रेंजसाठी टेकाडावर चढून बसला होता. सरांनी 'लालसू' म्हटलं आणि पुढे गोंडी सुरू झाली. आधी अडखळत, मग भराभर. साधनाला एखादाच शब्द कळत होता.

"आजोबा, व्हॉट लँग्वेज इज धिस?" ईशानीने विचारलं.

"आपली," साधना म्हणाली.

फोन ठेवून सरांनी चष्मा पुसला.

"काय म्हणाले, बाबा?"

"म्हणाला, पाणी देताना तुझा एक हात फळीच्या दोरीवर होता, तेव्हाच कळलं होतं. राग होता, लग्न होईपर्यंत. मग पोरंबाळं झाली, राग धरायला सवड कुणाला? छापा म्हणतो. फक्त पळून गेला लिहू नका. घरी गेला, असं लिहा."

वेन्डीबाईंनी तसंच लिहिलं. शताब्दी समितीला त्या प्रकरणाच्या दोनच ओळी हव्या होत्या. पूर्ण पान ठेवणार नसाल तर माझं नाव काढा, असं त्यांनी कळवलं. शेवटी पान राहिलं.

डिसेंबरात पुस्तक आलं तेव्हा सर गावी परतले होते. प्रत घेऊन ते लालसूकडे गेले. शाळा लवकर सुटल्याने लालसूला वाचता येत नव्हतं. अंगणात बसून सर मराठी ओळ वाचत आणि गोंडीत सांगत. शब्द अडला की लालसू तो पुरवी. दुपार कलली तरी एकच पान चाललं होतं, आणि दोघांनाही घाई नव्हती.