पश्चिमेची भिंत

तिने तापमापी भिंतीला टेकवली आणि काकांच्या खाटेच्या कडेला बसून वाट पाहू लागली. दुपारचे साडेचार वाजले होते. आकडा एकेचाळीसवर जाऊन थांबला. त्या भिंतीला लागूनच काका पडले होते, उजवी बाजू लुळी, मानेखाली ओला टॉवेल.

"किती?" मावशीने विचारलं.

"एकेचाळीस."

काकांनी डोळे न उघडताच म्हटलं, "अंडं फोडा वर. तवा तयार आहे."

मावशी हसली नाही. मागच्या उन्हाळ्यात उष्माघाताने काकांना याच खाटेवरून उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पुन्हा असं झालं तर भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खाट दुसरीकडे मावत नव्हती. भाचीने ती मनातल्या मनात चारही बाजूंना लावून पाहिली होती. खोल्या मोजणं हा तिचा धंदाच होता. या वसाहतीचे नकाशे ज्या ऑफिसात निघाले तिथे ती नकाशे काढायला होती, आणि तिची रेघ कधी चुकत नाही म्हणून तिथे सगळे तिला पट्टी म्हणत. हे घर डोळे मिटून घे, पंख्यावर भागेल, असं मावशीला सांगणारी तीच.

येताना तिने समोरच्या एक नंबर इमारतीतही भिंतीला तापमापी लावून पाहिली होती. तोच मजला, तीच पश्चिम, तीच वेळ. एकतीस. दोन्ही इमारती एकाच आराखड्याच्या असताना दहा अंशांचा फरक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात शिरली तेव्हा साहेब अहवाल सांगत होते आणि टायपिस्ट टिपून घेत होता. मावशीच्या दोन नंबर इमारतीतल्या रहिवाशांनी तक्रार केली होती. साहेबांनी चूक मान्य केली, तरच बिल्डर खर्च करून भिंती दुरुस्त करणार होता.

"लिहा. आराखडा निर्दोष आहे. रहिवासी खिडक्या वेळेवर उघडत नाहीत, पडदे ओढत नाहीत." साहेबांनी वर पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं. काय गं पट्टी?"

"माझे काका त्या अंगणात पडून आहेत, साहेब."

"मग मावशीला सांग, पहाटे उठून खिडक्या उघडायच्या."

म्हणे पहाटे उठून! या माणसाने आयुष्यात स्वतःच्या घराची एक खिडकी उघडली नसेल. दातओठ खात ती कपाटाकडे गेली आणि दोन नंबरचा मूळ नकाशा काढून टेबलावर पसरला. बिल्डरने कुठेतरी हात मारला असणार, छज्जे कापले असणार, हे तिला साहेबांच्या नाकासमोर धरायचं होतं.

छज्जे कुणी कापले नव्हते. नकाशातले सगळेच्या सगळे बांधले होते, पूर्वेला. मधे पोकळी ठेवलेली दुहेरी भिंतही पूर्वेलाच होती. पश्चिमेला साधी भिंत आणि मोठ्या उघड्या खिडक्या. दोन्ही इमारतींची दारं अंगणात समोरासमोर यावीत म्हणून एक नंबरचा नकाशा आरशात दिसतो तसा उलटवून दोन नंबर केला होता. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. सूर्य मात्र होता तिथेच मावळत राहिला.

कोपऱ्यातल्या चौकटीत, 'नकाशा काढणार'समोर, तिची आद्याक्षरं होती.

तिला ती दुपार आठवली. सहा वर्षांपूर्वी साहेब दारातूनच ओरडले होते, "उलटवून टाक, संध्याकाळी प्रिंट जायचीय." तिने एक बटण दाबलं होतं. मग मजकूर तेवढा सुलटा केला होता, आणि किती पटकन झालं म्हणून चहा मागवला होता.

साहेब येऊन नकाशावर वाकले.

"आद्याक्षरं कुणाची?"

"माझी. खाली सही तुमची."

"मग दोघंही गप्प बसू."

"तुम्ही बसा," ती म्हणाली आणि नकाशा गुंडाळून निघाली.

रविवारी सकाळी दोन नंबरच्या पार्किंगमध्ये रहिवाशांची बैठक भरली. साहेब अहवाल वाचत होते, खिडक्या आणि पडदे, पडदे आणि खिडक्या. माणसं चुळबुळत होती. पट्टी उठली आणि तिने टेबलावरचं सगळं बाजूला सारून नकाशा पसरला. तिने एकेका खिडकीवर बोट ठेवून दाखवलं.

"तुमचं काही चुकलेलं नाही. इमारतच उलटी काढलीय."

"कुठल्या गाढवाने काढली?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मी."

मग जो गलका झाला त्यात शिव्या होत्या आणि त्या रास्त होत्या. साहेबांनी कागद गोळा केले. "या बाई आमच्याकडे होत्या. आता नाहीत," एवढं बोलून त्यांनी गाडीचा रस्ता धरला. पण सोसायटीच्या अध्यक्षांनी नकाशाचे फोटो काढून घेतले होते, साहेबांच्या सहीसकट.

मावशी गर्दीतून वाट काढत पुढे आली. पट्टी ताठ उभी राहिली. या एका माणसाकडून ती काहीही ऐकून घेणार होती.

"म्हणजे माझं नव्हतं चुकत?" मावशीने विचारलं.

"काय?"

"रोज पहाटे चारला उठते गं मी, खिडक्या उघडायला. त्यांना दवाखान्यात नेलं ना, त्या दिवशी डोळा लागला होता माझा. सहाला जाग आली. वर्षभर मला वाटतंय, मीच..."

मावशीने आता आपल्याला दोन थोबाडीत द्याव्यात, असं पट्टीला फार वाटलं. पण मावशी डोळे पुसत केव्हाच जिन्याकडे वळली होती आणि पहिल्या पायरीवरूनच वर हाक मारत होती, "अहो, ऐकलंत का? माझं नव्हतं हो चुकत!"