आजची तारीख

नमुन्यांच्या खोलीच्या दारातल्या रजिस्टरात तिने नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

“कारण सुचत नसेल तर बाहेर जाऊन शोधून ये,” आतून आवाज आला. “रकाना रिकामा ठेवून आत यायचं नाही.”

तिने ‘जुनी वही पाहणे’ असं लिहिलं आणि ती आत गेली.

कपाटांच्या रांगेत एका स्टुलावर दशांश सर बसले होते. खरं नाव हजेरीपुरतं. एकतीस वर्षं औषधं तपासलेला हा माणूस चहात साखर किती, या प्रश्नालाही दशांशचिन्हापुढे जाऊन उत्तर द्यायचा. प्रयोगशाळेत सगळे त्यांना तोंडावर दशांश म्हणायचे आणि त्यांना ते मनातून आवडायचं. गेले सात महिने मात्र ते इथे, विकलेल्या औषधांची राखीव खोकी आणि तपासणीच्या जुन्या वह्या सांभाळत होते. चार दिवसांनी निवृत्त होणार होते.

“कुठली वही?”

“माझी. पहिली.”

ती त्यांनी पाव मिनिटात काढून दिली. इतक्या वह्यांत इतक्या लवकर सापडायची, म्हणजे ती कुठे आहे यावर त्यांचं लक्ष असणार.

ती विश्लेषक म्हणून रुजू झाली तेव्हा सहा महिने कच्ची नोकरी होती. आईने मात्र पहिल्याच दिवशी तिला गल्लीत पक्कं करून टाकलं. शेजारच्या काकू खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आल्या, “बघ गं, हे खरं आहे ना?” पाचव्या महिन्यातल्या एका दुपारी गोळ्या ज्याच्याशी ताडून पाहायच्या ते द्रावण तिला करायचं होतं. शुद्ध औषध तोलायचं, फ्लास्कमध्ये विरघळवायचं, मग गळ्यावरच्या रेघेपर्यंत द्रव भरायचा. विरघळवताना फ्लास्क तापतो. तो निवल्यावरच रेघ गाठायची, नाहीतर नंतर द्रव रेघेखाली उतरतो. हे तिला तोंडपाठ होतं. पण यंत्राची तिची पाळी संपत आली होती. तिने कोमटच भरला. वहीतल्या ‘तपासले’समोर शेजारच्या टेबलावरच्या दशांश सरांनी सही केली.

द्रावण जास्त कडक झालं आणि त्याच्याशी ताडल्यावर चांगल्या गोळ्यांतही औषध कमी भरलं. चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, “रेघेपर्यंत कोणी भरलं?”

तिने बोलायला तोंड उघडलं होतं.

“मी,” दशांश सर म्हणाले. “ती तोलत होती. मला जरा घाई होती.”

एकतीस वर्षांतली त्यांची ही पहिली घाई साहेबांनी तिच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतली. महिन्याभराने ते खाली या खोलीत आले आणि ती कायम झाली. आईने पेढे वाटले. तिनेही दोन खाल्ले.

त्यानंतर ती नमुने न्यायला अकरा वेळा या खोलीत आली होती. “सगळं बरं?” ते विचारायचे. “हो सर,” म्हणून ती निघायची.

आता तिने त्या दुपारचं पान उघडलं आणि खिशातलं पेन काढलं.

“नोकरी जाईल,” ते म्हणाले.

“माहितीये.”

“आणि मला काय उपयोग? सोमवारपासून मी कुंड्यांना पाणी घालणार.”

‘द्रव मी भरला’ या त्यांच्या ओळीवर तिने एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : ‘द्रव मी भरला होता. फ्लास्क कोमट होता.’ सही केली, खाली तारीख घातली.

“ही कुठली तारीख?”

तिने पाहिलं. हाताने त्या दुपारची तारीख लिहिली होती.

“झालं तेव्हाच ना, सर.”

“झालं तेव्हा. लिहितेस आज.”

तिचा अंगठा ओल्या शाईकडे गेला.

“पुसायचं नाही. एक रेघ.”

तिने रेघ मारली आणि आजची तारीख लिहिली. दोन्ही तारखा एकाखाली एक नीट वाचता येत होत्या.

“पहिले दोन महिने,” चष्मा पुसत ते म्हणाले, “दार वाजलं की मी ही वही काढून ठेवायचो. मग म्हटलं, असू दे.”

“तुम्ही का घेतलंत अंगावर?”

त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि ‘तपासले’समोरच्या आपल्या जुन्या सहीच्या बाजूच्या कोऱ्या जागेत बारीक, सरळ अक्षरात लिहू लागले. तिने उलटं वाचलं : ‘सही करण्यापूर्वी फ्लास्क मी हातात घेतला होता. तो कोमट लागला. मी बोललो नाही.’

खाली सही. आजची तारीख.

मग त्यांनी वही फिरवून तिच्यापुढे सरकवली, आणि आपल्या नोंदीखाली तिने ‘तपासले’ कुठे लिहायचं ते बोटाने दाखवलं.